सिडनीची कैदी वसाहत, १७८८ ते १८२२: शिधा, हुंड्या, रम आणि जमीन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू साउथ वेल्स म्हणजे ऑस्ट्रेलियातली ब्रिटिशांची कैदी वसाहत, तिचं मुख्य ठाणं सिडनी. तिच्याबद्दल आमच्याकडे येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात: तिथे पैसा कोणता चालायचा, कैद्यांना मजुरी मिळायची का, सगळा कारभार रमवर चालायचा हे खरं का. ते सगळे एका जागी मांडले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कैद्यांची वसाहत म्हणजे तुरुंगच. मग तिची अर्थव्यवस्था कसली?

सुरुवातीच्या सिडनीला भिंत नव्हती. कोठड्याही नावापुरत्याच होत्या. चारी बाजूंनी समुद्र आणि अनोळखी जंगल, हाच तिथला गज. शिक्षा होती हद्दपारीची आणि सक्तीच्या कामाची. कोंडून ठेवणं हा तिचा भाग नव्हता. त्यामुळे कैदी झोपड्या बांधून राहत, कोंबड्या पाळत, भाजीचे वाफे करत, एकमेकांशी देवघेव करत. पहिल्या ताफ्याची ११ जहाजं १३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून निघाली आणि २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत लागली. हजाराहून अधिक माणसं उतरली, त्यांत साडेसातशेच्या आसपास कैदी. त्या दिवसापासून प्रत्येक माणसाला खायला घालायचं कसं आणि कामाला लावायचं कसं, हे दोन प्रश्न गव्हर्नर आर्थर फिलिपपुढे होते. पुढची सगळी आर्थिक घडण या दोन प्रश्नांतूनच झाली.

२. इंग्लंडने कैदी इतक्या लांब का पाठवले? जवळ जागा नव्हती का?

आधी ते अमेरिकेत पाठवले जात. तिथले मळेवाले त्यांची मुदत विकत घेत, म्हणून सरकारला खर्च फारसा पडत नसे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाने ती वाट बंद झाली. १७७६ पासून कैदी थेम्स नदीतल्या जुन्या जहाजांवर कोंबले गेले आणि तीही भरली. सिडनीपासून दूर समुद्रातल्या नॉरफोक बेटावरचं अंबाडीसारखं रोप आणि उंच पाइन आरमाराच्या शिडांना नि डोलकाठ्यांना उपयोगी पडतील, अशीही आशा होती. ती फळाला आली नाही.

३. पहिल्या वर्षांत शिधा किती मिळायचा? उपासमार खरंच झाली का?

सुरुवातीला पुरुषाला आठवड्याला ७ पौंड पीठ किंवा पाव, ७ पौंड खारवलेलं गोमांस किंवा ४ पौंड डुकराचं मांस, ३ पाइंट (सुमारे दीड लिटर) वाटाणे आणि थोडं लोणी मिळे. बायकांना याच्या दोन तृतीयांश.

एप्रिल १७९० मध्ये हाच शिधा आठवड्याला २ पौंड मांस, अडीच पौंड पीठ आणि २ पौंड तांदूळ इतका खाली आला, आणि तो अधिकारी, सैनिक, कैदी सगळ्यांना सारखा. फिलिपने स्वतःचं पीठ सामायिक कोठारात घातलं. त्याच्याकडे जेवायला जाणारे पाहुणे आपापला पाव घेऊन जात.

एवढी पाळी का आली, याची कारणं अगदी साधी आहेत. सिडनीच्या खाडीभोवतीची जमीन रेताड. आणलेलं बियाणं प्रवासात उष्णतेने आणि किड्याने खराब झालेलं. नांगर नव्हते, सगळं कुदळीवर. कैद्यांत शेतीचं काम ठाऊक असलेले थोडे. चार गायी आणि दोन वळू १७८८ मध्येच राखणदाराच्या हातून निसटून जंगलात गेले. म्हणजे शेण नाही, खत नाही, नांगराला जनावर नाही. (तीच गुरं १७९५ मध्ये सिडनीच्या नैर्ऋत्येला सापडली, तोवर त्यांचा चांगला कळप झाला होता.)

वरून दोन अपघात. रसद घेऊन येणारं ‘गार्डियन’ डिसेंबर १७८९ मध्ये हिमनगावर आदळलं आणि ‘सिरियस’ मार्च १७९० मध्ये नॉरफोक बेटाच्या खडकांवर फुटलं. उरलेलं छोटं ‘सप्लाय’ धान्यासाठी बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) पाठवावं लागलं.

४. भारतातून धान्य आलं होतं असं वाचलं. खरं आहे?

खरं आहे, आणि हा भाग आपल्याकडे फारच कमी लोकांना माहीत असतो. फिलिपने ‘अटलांटिक’ हे जहाज कलकत्त्याला पाठवलं. ते जून १७९२ मध्ये तांदूळ, सोजी आणि डाळ घेऊन परतलं. वसाहतीच्या त्या वेळच्या नोंदींत हे शब्द ‘सूजी’ आणि ‘धोल’ असे, आपल्याच उच्चाराच्या जवळपास लिहिलेले सापडतात. गव्हाच्या पिठाऐवजी काही काळ शिध्यात हेच वाटलं गेलं.

मुंबईचा संबंधही सरळ आहे. विल्यम बॅम्प्टन या कप्तानाने वसाहतीला गुरं पुरवण्याचा करार केला होता. मे १७९५ मध्ये त्याचं ‘एंडेव्हर’ मुंबईहून सुमारे १३० गुरं आणि तांदूळ घेऊन सिडनीला लागलं. इतक्या लांबच्या प्रवासात त्यांतलं जेमतेम एखादंच दगावलं. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. वसाहतीच्या पहिल्या गुरांत वशिंडाची भारतीय जनावरं होती ती अशी.

उलट दिशेनेही माल गेला. वसाहतीतून निर्यात झालेल्या पहिल्या वस्तूंपैकी एक म्हणजे कोळसा, आणि तो १७९९ मध्ये बंगालला गेला.

५. जहाजांवर इतके कैदी का मेले? निष्काळजीपणा की आणखी काही?

कराराची भाषा. पहिल्या ताफ्यात मृत्यू तुलनेने कमी होते. दुसऱ्या ताफ्याचा (१७९०) मक्ता मात्र कॅम्डन, कॅल्व्हर्ट अँड किंग या गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या पेढीला मिळाला. दर होता माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स, आणि तो जहाजावर चढवलेल्या कैद्यामागे. जिवंत उतरवलेल्या कैद्यामागे नव्हे.

हिशेब करून पाहा. वाटेत कैदी मेला तरी मक्तेदाराचं काहीच जात नव्हतं, उलट त्याचा उरलेला शिधा वाचत होता. कप्तानांनी सिडनीत दुकान मांडून माल चढ्या भावाने विकला. ‘नेपच्यून’, ‘सरप्राइझ’ आणि ‘स्कारबरो’ या तीन जहाजांवर हजाराच्या आसपास कैदी चढले होते. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश वाटेत मेले, आणि उतरल्यावर आणखी कितीतरी.

पुढे रकमेचा एक भाग कैदी धडधाकट उतरवण्याशी बांधला गेला. १८१५ नंतर प्रत्येक जहाजावर आरमाराचा डॉक्टर देखरेखीला बसला आणि मृत्यूंचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. समुद्र तोच होता, जहाजंही साधारण तशीच. बदलली होती ती कराराची अट आणि देखरेख.

६. जमीन कोणाला आणि किती मिळायची?

शिक्षा संपलेल्या किंवा माफी मिळालेल्या पुरुषाला ३० एकर. लग्न झालं असेल तर आणखी २० आणि प्रत्येक मुलामागे १०. सोबत बी, अवजारं आणि काही काळ सरकारी शिधा. पहिली दहा वर्षं सारा माफ. सैनिकांना आणि मोकळ्या वसाहतकारांना याहून जास्त.

पहिलं उदाहरण जेम्स रूज. कॉर्नवॉलचा हा कैदी शेतकरी घरातला होता. नोव्हेंबर १७८९ मध्ये फिलिपने त्याला सिडनीच्या पश्चिमेला पॅरामाटाजवळ दीड एकर मोकळी केलेली जागा, एक झोपडी आणि थोडं बियाणं देऊन पाहिलं. एका कुटुंबाला पोट भरायला किती वेळ लागतो, हे त्याला मोजायचं होतं. रूजने झाडं जाळून राख जमिनीत मिसळली, माती खोल खणून उलटवली, गवत पुरून कुजवलं. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याने सरकारी शिधा नको म्हणून कळवलं. त्याला मिळालेली ३० एकर ही वसाहतीतली पहिली सनद.

या जमिनी मुळात कोणाच्या होत्या, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

७. नाणी नव्हती म्हणतात. मग व्यवहार कसा चालायचा?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो. इंग्लंडने वसाहत काढताना तिथे पैसा लागेल असं गृहीतच धरलं नव्हतं. कैद्याला पैसा कशाला? पण सैनिकांना पगार होता आणि सरकारला धान्य विकत घ्यायचं होतं. त्यातून अशी पद्धत बसली:

शेतकरी गहू घेऊन सरकारी कोठारावर येई. कोठारवाला माप घेऊन ठरलेल्या दराने पावती देई. १७९० च्या दशकात हा दर बुशेलला (सुमारे २७ किलोला) १० शिलिंग होता. पावती हाताबदल होई. तिने देणं फेडता येई, तिच्यावर माल घेता येई. अशा पुरेशा पावत्या जमल्या की त्या कोठारप्रमुखाकडे (कमिसरीकडे) देऊन लंडनच्या सरकारी तिजोरीवरची हुंडी मिळे. ही हुंडी जहाजाचा कप्तान किंवा व्यापारी आनंदाने घेई, कारण ती लंडनमध्ये वटत असे आणि कलकत्त्यातही कोणीतरी ती विकत घेई.

म्हणजे सिडनीचा खरा पैसा छापला जात होता लंडनच्या तिजोरीच्या भरवशावर. १८२० पर्यंत वसाहतीची सगळ्यात मोठी ‘निर्यात’ कुठली, असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: ब्रिटिश सरकारचा खर्च. ज्याच्या हातात हुंडी त्याच्या हातात आयात, आणि ज्याच्या हातात आयात त्याच्या हातात बाजार.

पद्धतीत खोट कुठे होती? कोठार ठरावीक दिवसच उघडे आणि ठरावीक माल घेऊन भरे. ओळखीच्या अधिकाऱ्यांचा गहू आधी जाई. हॉक्सबरी नदीकाठचा छोटा शेतकरी होडीतून पोती घेऊन पोहोचेपर्यंत ‘जागा नाही’ हे उत्तर तयार असे. मग तोच गहू तो अर्ध्या किमतीत व्यापारी अधिकाऱ्याला विकी आणि अधिकारी तो पुढच्या वेळी कोठारात पूर्ण दराने घाली.

याखेरीज लोक स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्याही चालवत. त्यांना ‘करन्सी’ म्हणत आणि त्या ‘स्टर्लिंग’पेक्षा कमी किमतीला चालत. खोट्या चिठ्ठ्या तर फारच सोप्या, कारण वसाहतीत सह्या बनवण्यात तरबेज माणसांची वाण नव्हती. वसाहतीत जन्मलेल्या मुलांना पुढे ‘करन्सी’ आणि इंग्लंडहून आलेल्यांना ‘स्टर्लिंग’ म्हणू लागले, ते इथूनच.

८. सिडनीत आपला रुपया चालायचा का?

चालायचा, आणि सरकारी दराने. जहाजांतून जगभरची नाणी येत आणि प्रत्येक जण आपला भाव सांगे. म्हणून गव्हर्नर किंगने नोव्हेंबर १८०० मध्ये जाहीरनामा काढून दर बांधले: रुपया २ शिलिंग ६ पेन्स, सोन्याची मोहोर १ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स, दक्षिणेतला पॅगोडा ८ शिलिंग, स्पॅनिश डॉलर ५ शिलिंग. एक औंसाचं तांब्याचं नाणं इंग्लंडमध्ये एका पेनीचं होतं, ते इथे दोन पेन्सचं ठरवलं.

दर मुद्दाम चढे ठेवले होते, नाणी वसाहतीबाहेर जाऊ नयेत म्हणून. पण परदेशी कप्तानाला त्या दराशी देणंघेणं नव्हतं. तो चांदी घेऊन निघून जाई आणि नाण्यांची चणचण पुन्हा तशीच राही. यावरचा पुढचा उपाय प्रश्न १० मध्ये.

९. सगळा व्यवहार रममध्ये चालायचा, हे कितपत खरं?

अर्धं खरं. ‘रम’ म्हणजे तेव्हा कुठलीही कडक दारू, बंगालची, अमेरिकेची किंवा ब्राझीलची. डिसेंबर १७९२ मध्ये ‘होप’ हे अमेरिकन जहाज आलं. कप्तानाने अट घातली की सुमारे साडेसात हजार गॅलन दारू घेतलीत तरच खाण्याचा माल मिळेल. फिलिप नुकताच इंग्लंडला परतला होता आणि कारभार न्यू साउथ वेल्स कोअर या वसाहतीतल्या सैन्यदलाच्या मेजर ग्रोसकडे होता. त्याने माल घेतला. पुढे कोअरच्या अधिकाऱ्यांनी आपले पगार लंडनवरच्या हुंड्यांत घेऊन ते एकत्र केले आणि अख्खे माल खरेदी करू लागले. त्यांच्या हातात हुंड्या होत्या, छोट्या माणसाच्या नव्हत्या. मक्तेदारीचं मूळ इथे आहे (प्रश्न ७).

दारूचं बळ मजुरीत होतं. ठरलेलं सरकारी काम संपल्यावर कैद्याला राबवायचं तर त्याला हवी ती वस्तू द्यावी लागे आणि ती बहुतेकदा दारू असे. पण चहा, साखर, तंबाखू, गहू आणि मांस यांतही मजुरी दिली जाई. मोठे व्यवहार दारूत होत नसत, ते पावत्या आणि हुंड्यांत होत. रमच्या मोबदल्यात ३० एकर विकणारे होते. तरी छोटे शेतकरी बुडाले त्यात हॉक्सबरीचे पूर (१८०६ चा फार मोठा), भांडवल नसणं आणि कोठारावरची वशिलेबाजी यांचा वाटा दारूहून कमी नव्हता.

गव्हर्नर ब्लायने १८०७ मध्ये दारूच्या देवघेवीवर बंदी आणली. २६ जानेवारी १८०८ ला कोअरच्या मेजर जॉन्स्टनने त्याला पदावरून हटवलं. याला ‘रम बंड’ हे नाव बऱ्याच नंतर चिकटलं. जमिनींचा वाद आणि कोअरचा माजी अधिकारी जॉन मॅकआर्थर याच्याशी असलेलं वैर ही कारणंही तेवढीच मोठी होती.

दारूच्या मक्त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मात्र बंडानंतरचं आहे. १८१० मध्ये नवा गव्हर्नर मॅक्वारीने तीन जणांशी करार केला: त्यांनी सिडनीत रुग्णालय बांधून द्यायचं, बदल्यात तीन वर्षांत मिळून ४५,००० गॅलन दारू आयात करायचा हक्क. हा आकडा पुढे वाढवावा लागला. त्या इमारतीचा एक भाग आज न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाकडे आहे.

१०. मधे भोक असलेला डॉलर म्हणजे काय?

१८१२ मध्ये मद्रासहून ‘समरंग’ जहाजाने ४०,००० स्पॅनिश डॉलर आणले. जसेच्या तसे वापरात आणले असते तर पुढच्या जहाजाने बाहेर गेले असते. मॅक्वारीने प्रत्येकाच्या मधली चकती कापून काढली. कडं ५ शिलिंगचं, चकती (‘डंप’) १ शिलिंग ३ पेन्सची. एका डॉलरची किंमत सव्वापट झाली आणि बाहेर कोणी ते पूर्ण भावाने घेईना. काम केलं विल्यम हेन्शॉल या खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षा झालेल्या कैद्याने. नाण्यांवर १८१३ साल आहे. १८२९ पर्यंत ती चलनातून काढून वितळवली गेली.

८ एप्रिल १८१७ रोजी बँक ऑफ न्यू साउथ वेल्स उघडली आणि चिठ्ठ्यांच्या गोंधळाला पहिल्यांदा खरा आळा बसला.

११. कैद्यांना मजुरी मिळायची? मग त्यांना गुलाम म्हणायचं की नाही?

गुलाम म्हणणं चुकीचं ठरेल. शिक्षेला मुदत होती, सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मभर. मूल जन्मतः मोकळं असे. मालकाला कैद्याच्या कामावर हक्क होता, त्याच्या शरीरावर नाही. चाबकाचे फटके द्यायचे तर दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागे. फटके मात्र भरपूर पडत, हेही लिहिलंच पाहिजे.

काही कैदी सरकारी कामावर असत, बाकीचे खासगी मालकांकडे दिले जात. मालकाने खाणं, कपडे, निवारा द्यायचा. सरकारी कैद्याचं काम दुपारी तीनच्या सुमारास संपे. कारण सोपं होतं: सरकारकडे त्यांना ठेवायला इमारत नव्हती, भाड्याची खोली त्यांनीच बघायची, म्हणून भाडं कमवायला वेळ द्यावा लागे. १८१९ मध्ये कैद्यांना ठेवायला सिडनीतली हाइड पार्कची बराक उघडली आणि ही मोकळीक आटली. खासगी मालकाकडच्या कैद्यालाही जादा वेळेसाठी वर्षाला पुरुषामागे १० पौंड, बाईमागे ७ पौंड असा दर मॅक्वारीच्या काळात ठरलेला होता. मालक तो बहुतेकदा मालाच्या रूपात, आपल्या भावाने लावून देत.

१८०१ पासून ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळू लागलं. ते हातात असेल तर मुदत संपण्याआधीच कैदी स्वतःचं काम शोधून कमवू शके. वागणूक बिघडली की तिकीट रद्द.

१२. शिक्षा झालेला माणूस मालमत्ता ठेवू शकत होता का? कोर्टात जाऊ शकत होता का?

इथे कायदा एक सांगतो आणि व्यवहार दुसरं. इंग्लिश कायद्याने गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेल्याला दावा लावता येत नसे. तरी जुलै १७८८ मध्ये, वसाहत सहा महिन्यांची असताना, हेन्री आणि सुझॅना केबल या कैदी जोडप्याने ‘अलेक्झांडर’ जहाजाच्या कप्तानावर हरवलेल्या सामानाचा दावा लावला आणि १५ पौंड मिळवले.

पुढची तीस वर्षं सुटलेले कैदी खरेदीविक्री करत राहिले. सिमियन लॉर्ड, मेरी रिबी, सॅम्युअल टेरी हे तिघंही कैदी म्हणून आलेले आणि वसाहतीतल्या सगळ्यात श्रीमंतांत पोहोचलेले. मग १८१९ मध्ये लंडनच्या कोर्टाने बुलक विरुद्ध डॉड्स खटल्यात ठरवलं की गव्हर्नरच्या माफीने हे हक्क आपोआप परत येत नाहीत. एका निकालाने हजारो सौदे आणि घरांचे कागद धोक्यात आले. १८२३ च्या कायद्याने तो घोळ निस्तरला.

१३. ईस्ट इंडिया कंपनीने काय अडवलं?

जवळजवळ सगळंच. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडचा ब्रिटिश व्यापार कंपनीच्या सनदेत होता. वसाहतीला मोठी जहाजं बांधायला आणि आशियाशी मोकळा व्यापार करायला मनाई होती. बास सामुद्रधुनीतल्या सीलची कातडी आणि तेल हा वसाहतीचा पहिला खरा निर्यातीचा माल. कलकत्त्याहून येऊन सिडनीत धक्का बांधलेल्या रॉबर्ट कॅम्पबेलने १८०५ मध्ये तो ‘लेडी बार्लो’वर भरून थेट लंडनला नेला. कंपनीने तक्रार केली आणि माल अडकला. १८१३ मध्ये कंपनीची भारतातली मक्तेदारी गेली आणि १८१९ मध्ये ३५० टनांखालच्या जहाजांनाही न्यू साउथ वेल्सची वाट खुली झाली. तोवर सीलचे कळप जवळजवळ संपवून टाकलेले होते.

१४. मूळ रहिवाशांचं या हिशेबात कुठे काय?

हिशेबाच्या पायातच. सिडनीची खाडी गॅडिगल लोकांची. एकाही एकराचा मोबदला दिला गेला नाही. १७८९ च्या देवीच्या साथीत सिडनीभोवतीची फार मोठी लोकसंख्या मेली. उरलेल्यांनी देवघेव करून पाहिली होती. १७९१ मध्ये पॅरामाटाला ते मासे आणून पाव आणि भाजी नेत. कैद्यांनी बॅलूडेरी नावाच्या तरुणाची होडी फोडली, त्याने सूड घेतला आणि तो बाजार बंद पडला. हॉक्सबरीच्या गाळाच्या काठांवर डॅरग लोकांचे कंद वाढत. १७९४ पासून तिथे मका आणि गहू लावला गेला, म्हणजे त्यांचं अन्नच खणून काढलं गेलं. त्यांनी मका कापून नेला तर त्याला चोरी म्हटलं गेलं आणि बंदुका चालल्या. वसाहत स्वावलंबी झाली असं लिहिताना ही बाजू सुटली तर हिशेब खोटा पडतो.

१५. आणि लोकर? ऑस्ट्रेलिया म्हणजे लोकरच ना?

या काळात नाही. मेरिनो मेंढ्या १७९७ मध्ये केपहून आल्या. मॅकआर्थरला ५,००० एकर द्यायचा हुकूम लंडनहून १८०५ मध्ये पोहोचला. विक्रीसाठी लोकरीची पहिली गासडी १८०७ मध्ये इंग्लंडला गेली, वजन २४५ पौंड. एवढ्यावर देश चालत नाही. सिडनीच्या पश्चिमेकडच्या ब्लू माउंटन्स डोंगरांपलीकडे १८१३ मध्ये वाट सापडली. १८१४-१५ मध्ये विल्यम कॉक्सने तीसेक कैद्यांकरवी सहा महिन्यांत १०१ मैलांचा रस्ता काढला. लोकरीचं राज्य त्यानंतर, १८२० च्या दशकापासून.

१६. अंदमानच्या काळ्या पाण्यासारखंच होतं का हे?

काही हत्यारं तीच. पोर्ट ब्लेअरच्या वसाहतीतही (१८५८ पासून) ठरावीक वर्षांनी ‘तिकीट’ देऊन कैद्याला स्वतःच्या कमाईवर राहू देत. फरक जमिनीचा आणि हक्कांचा. सिडनीत सुटलेल्या कैद्याला सनद मिळे आणि त्याची मुलं नागरिक म्हणून वाढत. अंदमानात ती वाट फारच अरुंद होती, आणि सेल्युलर जेलमधल्या राजकीय कैद्यांना तर ती जवळजवळ बंदच होती.

१७. मापं कशी समजून घ्यायची?

१ पौंड (चलन) = २० शिलिंग = २४० पेन्स. १ पौंड (वजन) = साधारण ४५४ ग्रॅम. गव्हाचा बुशेल = साधारण २७ किलो. त्या वेळचा दारूचा गॅलन = सुमारे ३.८ लिटर. १८२४ नंतरचा साडेचार लिटरचा गॅलन इथे लावलात तर रुग्णालयाच्या करारातली दारू पाचव्या हिश्श्याने जास्त दिसेल. एकर म्हणजे आपला ४० गुंठ्यांचाच.